फळीपलीकडचा तास

आमच्या गणिताच्या बाईंना सगळी शाळा ‘कडीबाई’ म्हणायची. अर्थात त्यांच्या माघारी. वर्गात शिरल्या की बाई आधी दाराची कडी आतून लावायच्या, मग हजेरी घ्यायच्या, आणि तास संपल्याची घंटा होईपर्यंत ती कडी निघायची नाही. शिपाई सूचनेची वही घेऊन आला तरी बाहेर उभा. एकदा मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, गेल्या होत्या. त्याही दोन मिनिटं बाहेर उभ्या राहिल्या आणि काही काम आठवल्यासारखं दाखवून परत फिरल्या.

मी भाषा शिकवतो. शिक्षकांच्या खोलीत अठरा वर्षं माझी खुर्ची बाईंच्या खुर्चीला लागून आहे. या अठरा वर्षांत आम्ही कशाकशावर बोललो नाही? त्यांच्या सासूबाईंचे गुडघे, माझ्या मुलीचं लग्न, वेळापत्रकातले अन्याय, नळाला येणारं गढूळ पाणी. पण ‘तुम्ही समीकरण कसं शिकवता’ असं मी त्यांना कधी विचारलं नाही आणि ‘तुम्ही कविता कशी शिकवता’ असं त्यांनी मला विचारलं नाही. आमच्या पेशात हे विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून पातेल्यांवरची झाकणं उचलून बघण्यासारखं आहे. ज्याचा वर्ग त्याच्यापाशी, असा आमचा शहाणपणा.

तीन वर्षांपूर्वी मुलं वाढली आणि खोल्या कमी पडायला लागल्या. तेव्हा बाईंचा मोठा वर्ग मधोमध कापून त्याचे दोन केले. मधे प्लायवूडची भिंत आली. आम्ही तिला नुसतं ‘फळी’ म्हणतो. त्या बाजूला बाईंची आठवी, या बाजूला माझी सातवी. जुना लाकडी चौथरा उखडला, भिंतभर लांबीचा काळा फळा अडगळीत गेला, आणि फळीवर त्यांच्या बाजूनं एक आखूड हिरवा फळा ठोकला. माझ्या बाजूनं त्याच फळीला टेकून माझं टेबल लावलं.

त्या दिवसापासून माझी शांती संपली. मी निबंध तपासायला बसलो की पाठीमागून स्पष्ट आवाज यायचा, “तीन एक्स अधिक पाच बरोबर वीस. आता दोन्ही बाजूंतून पाच काढले. डावीकडे राहिले तीन एक्स, उजवीकडे पंधरा.” बाईंचा आवाज भारदस्त, खालच्या पट्टीतला. मी डस्टरनं फळीवर ठोकायचो. तिकडून क्षणभर शांतता, आणि पुन्हा “तीन एक्स बरोबर पंधरा”. मधल्या सुट्टीत मी म्हणायचो, “बाई, जरा हळू.” त्या म्हणायच्या, “सर, मी हळूच बोलते. तुमचे कान तिखट आहेत.”

यंदा शाळा उघडून तीनच आठवडे झाले असतील, मी माझ्या सातवीतल्या एका मुलीची वही तपासत होतो. खिडकीजवळ बसते, बोलायला पटाईत. वहीच्या शेवटच्या पानावर चार समीकरणं सोडवलेली, एकेक पायरी मांडून, सगळी बरोबर. हा भाग आठवीचा.

“हे कुणी शिकवलं? घरी ताई आहे का?”

“नाही सर. फळीनं.”

“म्हणजे?”

“तुम्ही वह्या तपासता ना, तेव्हा पलीकडच्या बाईंचं सगळं ऐकू येतं.”

वर्ग हसला. मीही हसलो, ‘माझ्या तासाला गणित करतेस काय’ म्हणून तिला लटकं दटावलं आणि विसरून गेलो. अठरा वर्षं मुलांना ‘वाचलेल्यावर विचार करा’ असं बजावणारा माणूस मी, आणि माझ्या नाकासमोर धरलेलं पान मला वाचता आलं नाही.

कारण त्याच तीन वर्षांत बाईंच्या आठवीचं गणित घसरत चाललं होतं. पूर्वी त्यांच्या वर्गात नापास होणारी मुलं बोटांवर मोजावी लागत. मागच्या सहामाहीला बेचाळीसपैकी एकोणीसच पास झाली. पालक येऊन भेटायला लागले. शिक्षकांच्या खोलीत बाई नसल्या की कुणीतरी म्हणायचं, “वय झालं,” आणि बाकीचे चहाच्या कपात बघायचे. त्यात मीही होतो.

या वर्षी शाळा सुरू होऊन महिना झाला होता. मी पाण्याची बाटली भरत होतो आणि मोठ्या बाई येऊन बाईंशेजारी बसल्या. मोठ्या बाई तशा वाईट नाहीत, पण कडू गोष्ट गोड करून सांगायची त्यांना सवय आहे.

“सहामाहीपर्यंत बघू या,” त्या म्हणाल्या. “नाही सुधारलं, तर आठवी आपल्या नव्या सरांकडे देऊ. तुम्ही ग्रंथालय सांभाळा. चार वर्षं राहिलीत तुमची. तिथे शांतता असते.”

बाई म्हणाल्या, “बरं.” माझी बाटली भरून पाणी पायावर सांडत होतं, ते मला नंतर कळलं.

मोठ्या बाई गेल्यावर मी खुर्चीत येऊन बसलो. बाईच बोलल्या.

“त्यांचं बरोबर आहे, सर. पूर्वी शिकवताना मुलांच्या डोळ्यांत दिसायचं, कळलंय म्हणून. आता दिसत नाही. मी ‘कळलं?’ विचारते, ती ‘हो’ म्हणतात, आणि पेपरात भोपळा. माझंच काहीतरी गेलंय.”

एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईनं असं म्हणावं, हे मला सहन झालं नाही. मी म्हणालो, “मी येऊन बसू का एक तास? बघतो काय होतंय.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची पर्सच उघडायला मागितली होती. “माझ्या वर्गात कुणी बसत नाही,” त्या म्हणाल्या आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन उठल्या.

त्यांचे यजमान रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन फाटकाशी उभे असतात. बस चालवायचे, आता निवृत्त. त्या दिवशी बाईंना यायला वेळ होता, म्हणून मी त्यांच्याशी बोलत थांबलो आणि कडीचा विषय काढला.

“पहिल्या वर्षीची गोष्ट आहे,” ते म्हणाले. “तपासणीला एक साहेब आले. हिचा तास चालू. मधेच उठले, हिच्या हातातला खडू घेतला, ‘असं शिकवत नाहीत’ म्हणाले आणि तेच गणित पोरांसमोर स्वतः करून दाखवलं. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून कडी.”

“मग आता काय करायचं?”

“बघा मास्तर, विचारलंत तर ती नाही म्हणेल आणि समजावलंत तर भांडेल. आधी तुम्ही तिला तुमच्या वर्गात बोलवा. तुमचं काय चुकतं ते तिला काढू द्या. मग बघा.”

“माझं चुकतंच असं तुम्हाला कशावरून वाटतं?”

“चुकत नसेल तर काळजी कसली?” असं म्हणून ते हेल्मेट पुसायला लागले.

मी बाईंना बोलावलं. थोडं नाटक केलं, की माझे मागच्या बाकावरचे बोलतच नाहीत, तुम्ही जरा बघा. बाई आल्या, मागच्या बाकावर अंग चोरून बसल्या, मांडीवर एक चिठ्ठी आणि पेन्सिल. मी त्या दिवशी कविता शिकवली, आणि काय शिकवली म्हणून सांगू. आवाज चढवला, उतरवला, एका ओळीला डोळे मिटून दोन्ही हात पसरले. तास संपल्यावर मी शाबासकीची वाट बघत उभा. बाईंनी चिठ्ठी माझ्या हातात दिली.

‘सव्वीस प्रश्न विचारलेत. बाविसांची उत्तरं स्वतः दिलीत. उरलेले चार पहिल्या बाकाला. प्रश्न आणि उत्तर यांत अंतर: दोन सेकंद.’

खाली सही नव्हती एवढंच.

मला असा राग आला की तीन दिवस मी शिक्षकांच्या खोलीत खुर्ची दुसऱ्या बाजूला वळवून बसलो. घरी बायकोला सगळं तावातावानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “घरी तरी दुसरं काय करता? मघाशी ‘आमटी कशी झालीय’ असं मीच तुम्हाला विचारायच्या आधी तुम्ही मला विचारलंत, ‘कशी झालीय गं?’ आणि ‘छान झालीय’ हेही तुम्हीच म्हणालात.” मी आणखी एक वाटी आमटी वाढून घेतली.

चौथ्या दिवशी वर्गात एक प्रश्न विचारला आणि हात पाठीमागे घेऊन बोटांवर दहा मोजायचं ठरवलं. मला दहा सेकंद गप्प बसणं किती जड जातं, ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. चारला घाम फुटला. सातला सगळ्यांत मागे बसणाऱ्या उंच मुलीनं हात वर केला. शाळा सुरू झाल्यापासून मी तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकला होता. तिनं कवितेतल्या त्या ओळीचा जो अर्थ सांगितला, तो माझ्या बावीस उत्तरांपेक्षा सरस होता.

मधल्या सुट्टीत मी खुर्ची सरळ केली आणि बाईंना हे सांगितलं. त्यांनी डबा बंद केला.

“उद्या दुसऱ्या तासाला या,” त्या म्हणाल्या. “कडी मी लावणारच. पण तुम्ही आत असाल.”

गणितात मी पहिल्यापासून कच्चा. आठवीच्या मागच्या बाकावर गुडघे मुडपून बसलो आणि वही काढली. बाईंनी कडी लावली, हजेरी घेतली, फळ्याकडे वळल्या आणि लिहायला लागल्या.

आणि मला काही दिसेना. बाई उंच, अंगानं भरलेल्या. फळा आखूड, आणि चौथरा गेल्यापासून खाली सरकलेला. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या की फळ्याच्या दोन कडा तेवढ्या उरत. त्या लिहीत होत्या आणि बोलतही होत्या, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. पण बोलणं फळ्याशी. वर पंखा घरघरत होता, खिडकीखालून गाड्या जात होत्या, आणि माझ्यापर्यंत येत होती ती नुसती गुणगुण. मग बाई बाजूला झाल्या, फळ्यावर पाच ओळींचं तयार गणित होतं, आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “कळलं?”

“हो बाई,” वर्ग म्हणाला. भीतीनं मीही म्हणालो.

माझ्या शेजारची मुलं मुकाट्यानं पाचही ओळी उतरवून घेत होती. पहिलीतून दुसरी कशी आली, हे घडताना त्यांनी पाहिलंच नव्हतं. तीन वर्षं ज्यांचा शब्द न् शब्द मला भिंतीपलीकडे नको इतका ऐकू आला, त्यांच्याच वर्गात बसून मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तेव्हा मला खिडकीजवळच्या मुलीची वही आठवली. जुन्या पक्क्या भिंतीवरून बाईंचा आवाज वर्गात परतत असणार; फळी तो माझ्याकडे सोडत होती.

सांगायचं कसं, हा प्रश्न होता. खडू हातातून काढून घेणारे ते साहेब माझ्या डोळ्यांसमोर होते. शाळा सुटल्यावर मी बाईंना म्हणालो, “तुम्ही मागच्या बाकावर बसा. मी तुमच्यासारखं लिहितो. नुसतं बघा.” तसा मीही काही काटकुळा नाही. फळ्यासमोर उभा राहून, त्यांच्याच वहीतलं गणित त्यांच्याच शब्दांत फळ्याशी बोलत लिहिलं. मागे वळलो तेव्हा बाई मान वाकडी करून बघायचा प्रयत्न करत होत्या.

“काय बोललात, ते कळलं नाही,” त्या म्हणाल्या.

“आता माझ्या वर्गात जा. माझ्या खुर्चीत बसा.”

त्या गेल्या. मी तेच गणित पुसून, तेवढ्याच आवाजात, पुन्हा फळ्याला सांगितलं. मग पलीकडे गेलो. बाई माझ्या खुर्चीत बसल्या होत्या, हात फळीवर टेकलेला.

“म्हणजे तीन वर्षं मी तुमच्या पोरांना शिकवत होते,” त्या म्हणाल्या.

मी टेबलाच्या खणातून खिडकीजवळच्या मुलीची वही काढून शेवटचं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चारही समीकरणं बोट फिरवून तपासली, सवयीनं एका पायरीखाली बरोबरची खूण केली, आणि मग चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. पण त्या म्हणाल्या, “माझं काही गेलेलं नाही तर.” आणि हसल्या. अठरा वर्षांत मला बाईंबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

फाटकाशी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “जन्मभर माझीही पाठच होती प्रवाशांकडे. पण मला आरसा दिला होता. हिला कुणी दिला?”

“स्कूटर सुरू करा,” बाई म्हणाल्या.

रोग कळला, पण औषध सोपं नव्हतं. एकतीस वर्षांची उभं राहायची सवय. शेवटी आम्ही चित्रकलेच्या सरांना गाठलं. ते तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांनी बाईंना फळ्यापुढे उभं केलं, लांबून बघितलं आणि म्हणाले, “उजवा खांदा फळ्याकडे, तोंड पोरांकडे, हात लांब. एक ओळ झाली की एक पाऊल बाजूला.” मग सगळ्या बाकांवर एकेकदा बसून आले आणि फळ्यावर मधोमध एक आडवी रेघ मारली. “हिच्याखाली लिहिलेलं मागच्यांना दिसत नाही. तुमचा फळा एवढाच.”

रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास. बाई लिहायच्या, मी मागच्या बाकावर. दिसलं नाही की पट्टी वर करायची, ऐकू आलं नाही की बाकावर वाजवायची. पहिल्या आठवड्यात माझी पट्टी खाली आलीच नाही. हात लांब करून लिहिल्यावर बाईंचं मोत्यासारखं अक्षर उताराला लागलं. एकदा त्यांनी खडू आपटला आणि म्हणाल्या, “ग्रंथालय परवडलं.” चित्रकलेचे सर शांतपणे खडू उचलून म्हणाले, “माझी पहिली पाटी मालकानं पुसायला लावली होती. लिहा.”

आणि गंमत अशी की मागच्या बाकावर बसून बसून मी समीकरणं सोडवायला लागलो. दोन्ही बाजूंतून पाच का काढायचे, ते मला या वयात कळलं. मी ते बायकोला समजावून सांगितलं. तिला शाळेपासून येत होतं.

वर्गातला पहिला दिवस अवघड गेला. मी मागे बसलो होतो. बाई आडव्या उभ्या राहिल्या, हात लांब केला, आणि पहिलीच ओळ तिरकी गेली. कुणीतरी फिसकन हसलं. बाईंचा हात थांबला. मला वाटलं, संपलं, आता त्या फळ्याकडे वळणार. त्या वळल्या, पण मुलांकडे.

“मी नवीन पद्धत शिकतेय,” त्या म्हणाल्या. “मलाही अजून नीट जमत नाही. ज्याला दिसणार नाही त्यानं हात वर करायचा.”

बराच वेळ कुणाची हिंमत होईना, म्हणून पहिला हात मी वर केला. मग एका मुलीनं. मग मागच्या दोन बाकांनी. बाई एक पाऊल बाजूला सरकल्या, ओळ पुन्हा वाचली, आणि ‘कळलं?’ विचारायच्या ऐवजी म्हणाल्या, “हे पंधरा कुठून आले, कोण सांगेल?” आणि थांबल्या. पाठीमागे त्यांची बोटं हलत होती.

कडी कोणत्या दिवशी लागायची बंद झाली, हे मला सांगता येणार नाही. चित्रकलेचे सर मधेच फळा बघायला डोकवायचे, मी जायचो, बाई माझ्याकडे यायच्या. येता-जाता कोण उठून उघडणार? मग ज्यांना आठवी मिळायची होती ते नवे सर चाचरत म्हणाले, “बाई, मी बसलो तर चालेल? मला नीट जमत नाहीत समीकरणं शिकवायला.” सहामाहीचा निकाल लागला तेव्हा बेचाळीसपैकी तेहतीस पास होती. मोठ्या बाई निकालाचा कागद हातात घेऊन तडक आठवीवर गेल्या. कडी असणार या हिशेबानं त्यांनी दाराला जोर लावला आणि थेट पहिल्या बाकापर्यंत आल्या. बाई म्हणाल्या, “या. मागे जागा आहे.”

त्या पूर्ण तासभर बसल्या. नंतर शिक्षकांच्या खोलीत त्यांनी एवढंच सांगितलं, की बाई निवृत्त होईपर्यंत आठवी त्यांच्याकडेच राहील, आणि ग्रंथालयाचं काय ते बघू. बाई म्हणाल्या, “बरं.” हा ‘बरं’ मात्र वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी मी सातवीवर निबंध तपासायला बसलो. पाठीमागे शांत होतं. पहिल्यांदा जाणवलं, की किती दिवस झाले मी डस्टरनं फळी ठोकलेली नाही. इतकी वर्षं हवी असलेली शांतता मिळाली होती आणि मला करमत नव्हतं. खिडकीजवळच्या मुलीनं मान वर केली.

“सर, पलीकडच्या बाई आता येत नाहीत का?”

“येतात की.”

“मग ऐकू का येत नाही?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं आणि वर्गाला विचारलं, “तुम्हीच सांगा. का येत नसेल?” हात पाठीमागे घेऊन मोजायला लागलो. आठला ती स्वतःच म्हणाली, “आता त्या त्यांच्या मुलांशी बोलतात.”

मी मान हलवली. तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं, बंद केलं, आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

“म्हणजे पुढच्या वर्षी आमच्याशी बोलतील,” ती म्हणाली.